आमच्याकडे येणारे सुतारकाका

मनीषनगरातल्या आमच्या फ्लॅट स्कीममध्ये मी होळीपासून पोळ्यापर्यंत सलग नाईट शिफ्ट केली, आणि त्यातली एकही रात्र घराबाहेर काढली नाही. नोकरी गेली होती. बुटीबोरीच्या ज्या कापडाच्या कंपनीत मी क्वालिटी तपासायचो, तिथलं आमचं अख्खं डिपार्टमेंट बंद झालं. कोणाच्या नावाने खडे फोडावेत अशीही सोय नव्हती. मशिनी जुन्या झाल्या होत्या, आम्हीही झालो होतो. साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं, चहा पाजला, पाठीवर हात ठेवला आणि मोकळं केलं.

यात लाज वाटण्यासारखं काही नाही, असं मी स्वतःला स्टाफ बसमध्ये बसून घरापर्यंत सांगत आलो. तरी वाटलीच. पुढच्या आठवड्यात भरदुपारी टी-शर्ट आणि ढगळ पँट घालून, हातात भाजीची पिशवी घेऊन मी लिफ्टमध्ये शिरलो, तर आत तिसऱ्या मजल्यावरचे शेजारी. बँकेतून रिटायर झालेले, सगळ्यांची खबरबात ठेवणारे. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "काय भाऊ, आज घरी?"

"नाईट आहे," माझं तोंड म्हणालं. मी विचारही केला नव्हता.

"हो काय? बरं आहे बाप्पा. दिवसा कामं होतात."

एवढंच. पण आमची स्कीम लहान आणि पार्किंगमधल्या खुर्च्या कायम भरलेल्या. संध्याकाळपर्यंत मी नाईटला असल्याचं सगळ्यांना माहीत झालं होतं, आणि आता मला त्या शब्दाप्रमाणे राहणं भाग होतं.

बायको शिक्षिका आहे. नंदनवनातल्या एका खाजगी शाळेत, म्हणजे आमच्यापासून शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, रोज गाडीने जाते. तिला सांगितलं तेव्हा ती कणीक मळत होती. तिने हात थांबवले. "चोरी केली काय तुम्ही कोणाची? नोकरीच गेली नं? सांगून टाकायचं."

"सांगू की. दुसरी लागली की सांगू."

"दुसरी लागल्यावर काय सांगायचं राहते मग?" ती म्हणाली आणि पुन्हा कणकेला लागली. तिने खाली कोणाला काही सांगितलं नाही. पण खोटंही कधी बोलली नाही. कोणी विचारलंच तर हसून पुढे निघून जायची. तेवढं तिला जमलं, आणि ते जमण्याएवढी ती मोठीही होती.

राहिली मुलगी. यंदा सातवीत जाणारी. दिवसभर खालीवर करणारी, प्रत्येक मजल्यावर एक मैत्रीण असलेली. तिला मी जवळ बसवलं आणि म्हटलं, "कोणी विचारलं तं सांगायचं, बाबा नाईटले आहेत."

"काहून?"

"लोक उगाच चौकशा करतात म्हणून."

तिने मान हलवली. एवढ्या सहज हलवली की मला बरं वाटलं. मी ते काम दुकानातून काही आणायला सांगावं तसं तिला सांगितलं होतं.

नाईटच्या माणसाची दिनचर्या पाळणं सोपं नसतं, खास करून जो नाईटला नाही त्याने. संध्याकाळी स्टाफ बसची वेळ झाली की मला बाल्कनीत उभं राहता यायचं नाही. समोरच्या चौकातली तर्री-पोह्याची गाडी मला दिवसाढवळ्या बंद झाली, कारण झोपेच्या वेळी हा इथे काय करतो असं कोणी म्हटलं तर? सकाळी अंधारात मागच्या जिन्याने उतरायचं, कंपनीची बॅग खांद्याला लावून बेसा गावाच्या रस्त्याने एक चक्कर मारायची आणि लोक दूध घ्यायला उतरले की पुढच्या गेटमधून, दमल्यासारखं, परत यायचं. वॉचमनला सगळं दिसतच असणार. तो बिचारा गेट उघडताना दुसरीकडे पाहायचा. इतकी मेहनत मी खऱ्या नोकरीतही क्वचितच केली असेल.

पण दिवस माझे होते, आणि इथूनच खरी भानगड सुरू होते.

मी जन्माचा आरंभशूर. आमच्या घरात अर्धवट गोष्टींची एक जमातच नांदत होती. दिवाणखान्याच्या भिंतीसाठी काढायला घेतलेलं फुटाळ्याच्या तलावाचं चित्र, ज्यात आभाळ तेवढं झालेलं आणि पाणी यायचं बाकी. गणपतीत मुलांनी करावं म्हणून लिहायला घेतलेलं नाटुकलं, ज्यात राजा पहिल्या प्रवेशात शिकारीला गेला तो आजतागायत परत आलेला नाही. आणि या सगळ्यांचा मुकुटमणी म्हणजे बाल्कनीतला बैल.

बैल लाकडाचा, तान्ह्या पोळ्याचा. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लहान मुलांचा पोळा भरतो. मुलं चाकांवरचे लाकडी बैल सजवून, दोरीने ओढत आणतात, तोरणाखाली रांगेत उभे करतात, पूजा होते आणि मग घरोघर बैल फिरवून बोजारा मागतात. म्हणजे खाऊ, पैसे, जे कोणी देईल ते. मुलगी पहिलीत असताना मी तिला शब्द दिला होता की बाजारातला बैल नाही, बाबांनी बनवलेला बैल न्यायचा. तेव्हा मोठ्या हौसेने सागवानाचा ओंडका आणला, पटाशी आणली, धड कोरलं, पायांचे चार ठोकळे कापले. मग ओव्हरटाईम सुरू झाला. बैल पोत्यात गेला, पोत्यावर कुंड्या आल्या, कुंड्यांमागे कबुतराने संसार थाटला. दरवर्षी श्रावण लागला की मी म्हणायचो, या पोळ्याला नक्की. दरवर्षी ती मावसभावाचा बैल मागून न्यायची. त्याला एक शिंग नव्हतं.

आता वेळच वेळ होता. एप्रिलात मी चित्र पुरं केलं. इतकी वर्षं मी सांगत आलो होतो की वेळ मिळाला असता तर दाखवलं असतं. वेळ मिळाला आणि दिसलं ते हे, की माझं पाणी पाण्यासारखं दिसत नाही. निळ्या सतरंजीवर होडी ठेवल्यासारखं दिसतं. नाटुकलंही संपवलं. राजा परत आला, पण त्याच्याकडे बोलण्यासारखं काही नव्हतं. मी दोन्ही गोष्टी निमूटपणे पलंगाखाली सरकवल्या. नोकरी ही माझी अडचण नव्हती, ती माझी ढाल होती, हे कळायला नोकरी जावी लागली. आणि ते कळल्यावर मी कोणाच्या नजरेला नजर देईना झालो, अगदी घरातसुद्धा.

मग पोतं सोडलं.

त्याचं मला अजून नवल वाटतं, की बैल जमायला लागला. मे महिन्याच्या त्या भट्टीत मी बाल्कनीचं दार ओढून घेऊन बसायचो, अंगात बनियन, डोक्याला ओला गमछा. भुसा उडून कूलरच्या ओल्या गवतावर बसायचा आणि घरभर सागवानाचा वास सुटायचा. हाताला फोड यायचे, फुटायचे. दुपार कधी कलली कळायचं नाही. एकदा फोन वाजत राहिला, नोकरीचाच असावा अशी शंका आली, आणि तरी मी मानेची वळणरेघ अर्धी सोडून उठलो नाही. नंतर फोन केला तर पलीकडून कोणी उचलला नाही. मी बायकोला हे सांगितलं नाही.

मुंडक्याने मात्र रडवलं. पहिलं केलं ते मुलीने हातात घेऊन पाहिलं आणि म्हणाली, "बाबा, हे कुत्रं आहे." दुसरं केलं ते गाढवाकडे झुकत होतं. तेव्हा माझ्या सकाळच्या खोट्या चकरेचा पहिल्यांदा उपयोग झाला. बेसा गावाच्या पुढे अजून थोडी शेतं उरली आहेत. तिथे एका बांधावर बैलजोडी बांधलेली असायची. मी बॅग खांद्याला लावून तिच्यापुढे उभा राहायला लागलो. दोन-चार दिवस झाल्यावर बैलांचा मालक जवळ आला. "घ्याची आहे काय गा जोडी?"

"नाही, पाहून राहिलो फक्त."

त्याने माझ्या बॅगकडे पाहिलं, बुटांकडे पाहिलं. "पाहा बाप्पा," म्हणाला आणि चारा टाकायला गेला.

तिथे उभं राहून माझ्या ध्यानात आलं की बैलाची दोन शिंगं कधीच एकसारखी नसतात. एक जरा बाहेर झुकतं, एक आत. मी आयुष्यभर डाव्या-उजव्यात फरक दिसला की माल बाजूला काढणारा माणूस. माझ्या दोन्ही मुंडक्यांत मी शिंगं, कान, डोळे मापून सारखे केले होते, आणि म्हणूनच ती मेलेली दिसत होती. तिसऱ्या मुंडक्याला मी उजवं शिंग जरासं झुकवलं आणि एका कानाला मागे वळवलं. बैल ऐकायला लागला. दाराची कडी वाजली की त्याला कळेल असं वाटलं.

त्या दिवशी मी इतका खुश होतो की बाल्कनीत एकटाच हसलो. मग खाली बायकोच्या गाडीचा आवाज आला आणि माझा चेहरा आपोआप उतरला. मी घाईघाईने तोंडावरचा भुसा पुसला, गमछा काढला, सोफ्यावर येऊन पेपर धरला. ती चाळीस मुलांच्या वर्गात घसा फोडून, जूनअखेरच्या उकाड्यातून शहर ओलांडून आली होती, आणि तिचा बेकार नवरा घरात आनंदात होता. त्या आनंदाची मला जेवढी लाज वाटली तेवढी नोकरी गेल्याचीही वाटली नव्हती. घर तिच्या एकटीच्या जिवावर चाललं होतं, आणि मी मनातल्या मनात देवाला म्हणत होतो की पोळ्यापर्यंत तरी कुठून बोलावणं येऊ देऊ नकोस.

पोळ्यापर्यंतच, कारण त्यापुढे उपयोग नव्हता. शाळा सुरू झाल्या तेव्हा मुलीने एक दिवस बैलाच्या पाठीवर हात फिरवत सहज म्हटलं होतं, "बाबा, आता मोठ्या पोरी नाही नेत बैल. माझ्या मैत्रिणी हसतात."

"मग?"

"हा झाला तं या वर्षी नेईन. शेवटचं. नाही झाला तं राहू द्या, मी रागावणार नाही."

मी रागावणार नाही, हे तिने मला सांगितलं. बापाने पोरीला म्हणायचं ते पोरगी बापाला म्हणाली. मी त्या दिवसापासून झपाटल्यासारखा कामाला लागलो.

आवाज व्हायचाच. पटाशीवर हातोडी पडली की खालच्या मजल्यापर्यंत जायचा. जुलैतल्या एका दुपारी मुलगी शाळेतून आली, दप्तर टाकलं आणि म्हणाली, "खालच्या काकू विचारत होत्या. बाबा दिवसा झोपतात नं, मग ठोकठोक कोण करते म्हणून."

मी पटाशी खाली ठेवली. "मग?"

"मी म्हटलं, आमच्याकडे सुतारकाका येतात. बाबांच्या कंपनीतले. फर्निचर करून राहिले." आणि वर तिने भर घातली, "बाबा कानात कापूस घालून झोपतात."

मी खो-खो हसलो. तिच्या पाठीवर थाप मारली. "हुशार आहेस वं तू!" तीही लाजून हसली. त्यानंतर सुतारकाकांनी आमच्या घरात चांगलंच बस्तान बसवलं. त्यांना चहात साखर जास्त लागायची. ते बुधवारी येत नसत, कारण एका बुधवारी मला हात दुखल्यामुळे सुट्टी घ्यावी लागली होती. त्यांचं गाव उमरेडकडचं होतं. हे सगळं मुलगी खाली सांगून यायची आणि वर येऊन मला ऐकवायची, आणि मी प्रत्येक वेळी तिला शाबासकी द्यायचो.

बायको एकदा ते ऐकत दारात उभी होती. ती हसली नाही. मुलगी आत गेल्यावर हलक्या आवाजात म्हणाली, "पोरगी तुमच्यापेक्षा सफाईनं खोटं बोलून राहिली. पाहा."

मी पाहिलं नाही. मला शिंगं बसवायची होती.

पोळ्याच्या आदल्या दिवशी शेवटचा हात मारून झाला. रंग मी दिलाच नाही, नुसतं पॉलिश केलं, म्हणजे लाकडाच्या रेषा पोटावरून वशिंडाकडे चढत गेलेल्या दिसाव्यात. बैलाच्या पायांखालच्या पाटाला चाकं लावली. बायकोने जुन्या जरीच्या साडीची झूल शिवली. ती शिवताना तिने बैलाच्या मानेखालची लोंबती कातडी बोटाने चाचपून पाहिली, आणि सुईत दोरा ओवता ओवता म्हणाली, "खरंच छान झाला हो." तिने माझ्या हातच्या कुठल्या गोष्टीला असं म्हटलेलं मला आठवत नव्हतं. मी पाणी प्यायच्या निमित्ताने आत निघून गेलो.

तान्ह्या पोळ्याच्या सकाळी टीव्हीवर जुन्या नागपुरातली मारबतीच्या मोठाल्या पुतळ्यांची मिरवणूक दाखवत होते. घरातली इडापीडा घेऊन जा गे मारबत, असं त्या वेळी म्हणायचं असतं. बायको टीव्हीपुढे हात जोडून काहीतरी पुटपुटली. काय ते मी विचारलं नाही.

दुपारी पार्किंगमध्ये आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं होतं. मी त्या दिवशी "सुट्टी घेतली" होती. लहान लहान पोरं धोतर नेसून, फेटे बांधून, काजळाच्या मिशा काढून आली होती. आमची सगळ्यांत उंच. तिने नवा कुर्ता घातला होता आणि दोरी अशी धरली होती की कोणी हसलं तर लगेच सोडता यावी. पण कोणी हसलं नाही. बैल लिफ्टमधून बाहेर आला, चाकं फरशीवर खडखडली, घुंगरू वाजले, आणि बायामाणसं बोलायची थांबली. पोरं जवळ आली. एका चिमुरड्याने त्याच्या नाकाला हात लावून झटकन मागे घेतला. मुलीने दोरीचा एक वेढा हाताला घेतला, घट्ट. ती माझ्याकडे बघून हसली. ते हसू मी पाहिलं आहे. पुढे जे केलं त्यानंतरही ते माझ्याकडे आहे, एवढंच काय ते.

बैलांना नंबर द्यायचं काम दरवर्षी तळमजल्यावरच्या काकूंकडे असतं. ठोकठोकीची चौकशी करणाऱ्या त्याच. त्या रांगेतून येत येत आमच्या बैलापाशी थांबल्या. चष्मा वर केला. कान पाहिला, शिंगं पाहिली, मग वाकून डोळे पाहिले.

"अगं माय," त्या म्हणाल्या, "हा तं पाहून राहिला माझ्याकडे! कोणं केला वं हा?"

"सुतारकाकांनी," मुलगी म्हणाली. तिला विचारही करावा लागला नाही.

"ते तुमच्याकडे येतात ते?"

"हो. बाबांच्या कंपनीतले."

"काय हात आहे बाप्पा त्या माणसाचा!" काकू बाकीच्यांकडे वळल्या. "या इकडे, पाहा. हे शिंग पाहा कसं झुकवलं. असा कारागीर आजकाल भेटत नाही."

लोक जमले. तिसऱ्या मजल्यावरचे शेजारी आले, त्यांनी वशिंडावर टिचकी मारून पाहिली. कोणी म्हणालं, त्या सुताराचा नंबर द्या, आमच्या नातवाला पण करून घेऊ. कोणी म्हणालं, त्याला इथे बोलवा, सत्कार करू. मुलगी हसून मान हलवत होती. काय सांगायचं ते तिला पाठ होतं. उमरेडकडचे आहेत, ती कोणाला तरी म्हणाली.

मी तिथे उभा होतो. आयुष्यात एक गोष्ट पुरी केली होती, एकच बरी झाली होती, आणि तिचं सगळं कौतुक माझ्या डोळ्यांदेखत उमरेडच्या एका नसलेल्या माणसाकडे चाललं होतं. मला त्या माणसाचा राग आला. खरंच आला.

"मी केला," मी म्हणालो.

सगळे वळले.

"कोणी सुतार-बितार नाही. हा बैल मी केला आहे. माझ्या हातांनी." मी हात पुढेही केले, फोड दिसावेत म्हणून.

"तुम्ही?" काकू म्हणाल्या. "भाऊ, इतकं काम! नाईट करून वेळ कवा भेटला तुम्हाले?"

"नाईट नाही. नोकरीच नाही. होळीपासून घरीच आहे मी."

हे बोलून गेल्यावर मला हलकं वाटलं. खोटं कशाला सांगू? इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा भरून श्वास घेतल्यासारखं वाटलं. आणि लोक वाईट वागले नाहीत. काकूंनी कपाळाला हात लावला, "अरे बाप्पा, सांगायचं नाही काय? परके आहोत काय आम्ही?" शेजारी म्हणाले, त्यांच्या मुलाची पण मागे गेली होती, होते सगळं नीट. एकाने टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या.

त्या टाळ्यांमधून मला मुलीच्या मैत्रिणीचा आवाज ऐकू आला. दुसऱ्या मजल्यावरची, तिच्याच वर्गातली. ती काही दुष्टपणाने बोलली नाही, तिला नवल वाटलं होतं. "तू तं म्हणे बाबा नाईटले जातात. अन् सुतारकाका चहा पेतात म्हणे. सगळं खोटं सांगत होती काय तू?"

मुलीने हाताचा वेढा सोडला, दोरी बैलाच्या पायांपाशी अलगद ठेवली, आणि ती लिफ्टकडे न जाता जिन्याने वर गेली. धावली नाही. सगळे बघत होते म्हणून सावकाश गेली.

मी तिच्यामागे गेलो असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. मी गेलो नाही. काकूंनी विचारलं, लाकूड कोणतं? मी सांगितलं. शेजाऱ्यांनी विचारलं, रंग दिला नाही काय? पॉलिश कसं केलं? मी तेही सांगितलं, जरा खुलवून सांगितलं. मला आयुष्यात कोणी असं काही विचारलं नव्हतं. पहिला नंबर आमचा आला, त्याच्या बक्षिसाचा डबा मी हातात घेतला, फोटोही काढून घेतला. समोर बायको उभी होती. ती माझ्याकडे अशी बघत होती की मी डबा खाली ठेवला. तेव्हा कुठे मी बैल ओढत लिफ्टकडे निघालो. चाकांचा आवाज फार होत होता.

मुलगी सोफ्यावर बसली होती. रडत नव्हती. रडली असती तर मला काहीतरी करता आलं असतं. मी बैल दारापाशी उभा केला आणि म्हणालो, "खरं कधीतरी सांगावंच लागते, बेटा. बरंच झालं."

"हो," ती म्हणाली. मग नखाने कुर्त्याचा धागा ओढत राहिली.

"बाबा, सांगायचं होतं तं सकाळी मले सांगायचं होतं नं. आपण दोघं मिळून सांगितलं असतं. मी कित्ती दिवसांपासून सगळ्याईले खोटं सांगून राहिली. नाईट, सुतारकाका, कापूस, सगळं सांगितलं. अन् मले एकच गोष्ट सांगायची होती." तिने बैलाकडे बोट केलं. "हा बैल माझ्या बाबांनी केला. मलेच सांगायचं होतं ते. तेवढं तं माझ्यासाठी ठेवायचं होतं."

खोटं बोलायचं काम मी पोरीवर टाकलं होतं, आणि खरं बोलायची वेळ आली तेव्हा ते सुख एकट्याने घेतलं होतं. ते घेताना तिच्याकडे पाहिलंसुद्धा नव्हतं. तिला जवळ घ्यावंसं वाटलं, पण मी दारापाशीच उभा राहिलो.

खाली पोळा फुटला. हर हर महादेवचा गलका उठला आणि पोरं चाकं खडखडवत मजल्यामजल्यावर बोजारा मागायला सुटली. आमची बेल वाजली. मी मुलीकडे पाहिलं, तिने मान फिरवली. मी दार उघडलं. काजळाच्या मिशांची पाच-सहा पोरं आपापले बैल घेऊन उभी होती. दुसऱ्या मजल्यावरची मैत्रीणही होती, लहान भावाचं बोट धरून. तिने माझ्या खांद्यावरून आत डोकावून पाहिलं आणि लगेच खाली बघायला लागली. मी प्रत्येकाच्या हातावर बोजारा ठेवला. आमचा बैल तिथेच दारामागे उभा होता. त्याला घेऊन ती या वर्षी शेवटचं फिरणार होती, आणि तो एकाही घरी गेला नाही.